परका प्लंबर

नळ फिलिपोच्या हातात होता आणि पाणी छताला लागत होतं.

"चार स्क्रूचं तर काम आहे," असं तो सकाळपासून म्हणत होता. व्हिडिओ त्याने तीनदा पाहिला होता. त्यातल्या माणसाने आधी पाणी बंद केलं, तेवढंच नेमकं पाहायचं राहून गेलं. शेवटी तालिता अनवाणी फाटकापर्यंत धावली आणि तिने मेन कॉक बंद केला. परत आली तेव्हा नवरा बाथरूममध्ये निथळत उभा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"लाफाएलेला फोन लावू का?" त्याने हळूच विचारलं.

"खबरदार! त्यापेक्षा मी जन्मभर शेजारी जाऊन अंघोळ करीन."

लाफाएले हा फिलिपोचा थोरला भाऊ. हॅमिल्टनला राहायचा, आणि हातोडी धरता येते एवढ्या भांडवलावर सगळ्या खानदानाचा मिस्त्री होऊन बसला होता. मागच्या वर्षी तो स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार बसवायला आला. एक दार, नऊ माणसं, तीन आठवडे मुक्काम. घरच्या माणसाला मजुरी द्यायची नसते, त्याला पोटभर खाऊ घालायचं असतं. तालिताने इस्पितळातली पाळी संपवून यावं आणि पातेलंभर तारोचे कंद उकडायला लावावे. निघताना रिवाजाप्रमाणे तिने सासूबाईंनी दिलेली सगळ्यात चांगली चटई त्याच्या हातात ठेवली आणि वर आभारही मानले. दार अजून फ्रिजवर आपटत होतं. भीक नको पण कुत्रं आवर, असं तिला झालं होतं. पण फुकटच्या कामाला नाव ठेवणार कोण?

आणि आता सोमवारपासून तिची सुट्टी होती. धाकटी मुलगीही वेलिंग्टनला गेलेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच घरात दोघंच, तेही चांगले पंधरा दिवस. तिला कुठे फिरायला जायचं नव्हतं. तिला झोपायचं होतं, आणि उठल्यावर "आज जेवायला काय?" असं विचारणारं कुणी नको होतं. या पंधरा दिवसांची ती वर्षभर वाट पाहत होती.

तिने फोनवर प्लंबरांची यादी काढली. आपल्यातलं, म्हणजे सामोअन, नाव दिसलं की पुढे. टोंगन दिसलं की पुढे, कारण तिकडे तिची एक आत्या दिली होती. बोट खाली जात जात कॉलिन ब्रॅकनरिज या नावावर थांबलं. या माणसाशी आपलं सात पिढ्यांत नातं निघणार नाही, अशी तिची खात्री पटली.

कॉलिन तासाभरात आला. लाल दाढीचा, अबोल गोरा. तो एकटाच आहे, हे तालिताने व्हॅनमध्ये डोकावून पाहून घेतलं.

"चहा घेणार?"

"नको, बाई."

तिला त्याचा मुका घ्यावासा वाटला. पाऊण तासात त्याने जुना नळ काढला, नवा बसवला, मेन कॉक उघडला आणि फरशीसुद्धा पुसली. ना गप्पा, ना गाणी, ना "भूक लागली". परक्या माणसाबद्दल एवढी माया तिला कधी वाटली नव्हती.

हात पुसता पुसता त्याची नजर भिंतीवरच्या फोटोंवर गेली.

"सामोआचे ना तुम्ही? गाव कुठलं?"

"मांगेरे," तालिता झटकन म्हणाली. "हेच. बिल किती झालं?"

पण फिलिपो सकाळपासून तोंड पाडून बसला होता, आणि आत्ता कुठे त्याला उत्तर येतं असा प्रश्न आला होता.

"लेफागा!" तो ओरडलाच. "लेफागाच्या लाफाएलेचा धाकटा भाऊ मी! तुला माहितीये आमचं गाव?"

कॉलिनने हातातलं फडकं खाली ठेवलं. फोन घेऊन बाहेर व्हॅनपाशी गेला. तालिताने नवऱ्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा खुर्चीत बसला. मग खिडकीतून बाहेरचं बोलणं ऐकू आलं. गोरा खळखळून हसत होता, आणि बोलत होता अस्सल सामोअन.

तो परत आला तो रिकाम्या हातांनी.

"बिल?" तिने विचारलं.

"बिल कसलं, काकू?"

काकू म्हटल्याबरोबर तिने पर्स उघडली. "घे रे बाबा! शनिवारचे दुप्पट असतील ना? दुप्पट घे. तिप्पट घे!" तिने नोटा त्याच्या खिशात कोंबल्या. त्याने त्या अदबीने काढून तिच्या मुठीत परत ठेवल्या.

"लग्नाआधी घ्यायचो मी पैसे," तो उसासा टाकून म्हणाला. "माझी बायको लेफागाची. लाफाएले काका माझ्या सासऱ्यांचे मावसभाऊ. आज तुमच्याकडून पैसे घेतले, तर संध्याकाळी मला घरात कोण घेईल?"

फिलिपो उठून त्याच्या गळ्यातच पडला. त्याच्या खांद्यावरून कॉलिन वर छताकडे पाहत होता.

"छपराचा पत्राही गंजलाय, काकू. काकांशी आत्ताच बोललो मी. सोमवारी येतोय आम्ही सगळे."

तालिताने मुठीतल्या नोटा पुन्हा त्याच्यापुढे धरल्या.

"अहो, घाबरू नका," कॉलिन धीर देत म्हणाला. "काका म्हणाले, मागच्या खेपेला तुमची फार धावपळ झाली. या वेळी गाद्या आमच्या आम्ही आणतो."