चार किलो

दक्षिण सुदानातल्या आकोबोच्या धावपट्टीवर विमानात माणसं चढवणाऱ्या चुओलनं वजनकाटा मांडला, तशी न्यालुआक आजारी लेकराला, कोआंगला, कवटाळून सगळ्यांआधी त्यावर चढली. गेल्या मंगळवारी याच काट्यानं तिला माघारी धाडलं होतं. जुबाचा दवाखाना साडेतीनशे किलोमीटर, उड्डाण दीड तासाचं. तेवढं इंधन भरलं की छोट्या विमानात शेवटच्या जागेला साठच किलो उरायचे, आणि मायलेकरं भरली चौसष्ट. तेव्हा तिनं चपला फेकल्या, शाल टाकली, लेकराच्या कमरेची मण्यांची घट्ट माळ ओढायला गेली तर त्यानं रडून आकांत मांडला होता. आज चपलांसकट काटा बरोब्बर साठावर थांबला. "बसलीस की गं, कोआंगच्या आई!" चुओल खुलला. "चार किलो कुठं सांडलेस? चल, दीड तासात डॉक्टरपुढं!"  न्यालुआकनं लेकराला खांद्यावर घेतलं, तशी माळ त्याच्या पायांवरून घसरून काट्यावर पडली. कोआंग रडला नाही.