वाटी आणि चमचा

“बोर्ड सापडला नाही.” लॅपटॉपवर चौथ्या दिवशीही तेच आलं, आणि आतल्या खोलीतून यांनी पुन्हा वाटीवर चमचा आपटायला सुरुवात केली.

“आले, आले! दोन मिनिटं दम धरा की!”

अर्धांगवायूनं वाचा गेल्यापासून यांची वाटीच बोलते. मिक्सर चालू असला की तीही मला ऐकू येत नाही. म्हणून तर हा सगळा खटाटोप! यांच्या उशाशी बटण, ओट्याजवळ दिवा. यूट्यूबवरच्या एका व्हिडिओतल्या मुलीनं असल्याच स्वस्तातल्या छोट्या सर्किट बोर्डात प्रोग्राम टाकून दहा मिनिटांत दिवा लुकलुकवला होता. माझ्या बोर्डावर नुसता लाल ठिपका पेटायचा. प्रोग्राम काही आत जायचा नाही. लॅपटॉप सतरा वेळा बंद करून चालू केला, बोर्डही दुसरा आणला.

वाटी थांबेना. पाणी पाजलं, उशी सरळ केली, पंखा वाढवला. मी टेबलाशी बसले, की यांचं दारातून माझ्याकडे बघत टण टण सुरू. शेवटी डोकंच फिरलं. सगळं उचलून यांच्या पलंगावर नेऊन आदळलं.

“घ्या, तुम्हीच करा!”

यांनी चमचा टाकला. डाव्या हातानं बोर्डाची केबल उपटली आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथं यांच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या केबली लटकत होत्या. मी त्यातली जाड केबल काढून लावली, आणि प्रोग्राम सरसर आत गेला. माझी केबल नुसती चार्जिंगची होती. प्रोग्राम नेणारी तार तिच्यात नव्हतीच.

दिवा लुकलुकायला लागला. चार दिवस हे केबल म्हणत होते, आणि मी पाणी पाजत होते.