सहावं भूमिपूजन

अकोल्यातल्या नव्या लेआउटच्या मोकळ्या जागेत बगिचा होणार, म्हणून दर निवडणुकीला तिथं भूमिपूजन व्हायचं. साहेब नारळ फोडायचे, फोटोपुरती कडुलिंबाची पाच-दहा रोपं लावून जायचे. निधी मात्र काही येत नव्हता. समोरच राहणाऱ्या जाईबाईंना वाळणारी रोपं बघवत नसत, म्हणून भांडी विसळलेलं पाणी त्या रोज नेऊन त्यांना घालत.

परवा सहावं भूमिपूजन होतं. नवे साहेब कुदळ घेऊन कडुलिंबांच्या गार सावलीत गरगर फिरले, तशी फांद्यांवरची पोरं खिदळली.

साहेबांनी बघायला आलेल्या जाईबाईंना विचारलं, "आजी, कुदळ मारू कुठं? जागाच नाही!"



जाईबाईंनी सोबतच्या नातीच्या दोन्ही वेण्यांच्या लाल रिबिनी सोडल्या, गाठ मारून दोन झाडांमध्ये ताणून बांधल्या. "आता खोदता कायले, साहेब? उद्घाटनच करून टाका!"