हक्काची सवलत

कुपवाडच्या त्या कारखान्यात अख्खी शिफ्ट आयकराचं रिटर्न शंभू एजंटाकडनं भरायची. हा पठ्ठ्या धडधाकट माणसांना कागदावर अपंग करायचा, करात सवलत लाटून द्यायचा आणि वर कमिशन खायचा. सुपरवायझर वर्धमानची तर उजव्या हाताची चार बोटं प्रेस मशीननं खरोखरच नेली होती.

"आमी दहा बोटांचं अपंग, आन् तू चार बोटं घालवून एजंट नगं म्हणतूस? लय शाना हाईस गड्या!" शिफ्टमधला मानसिंग खिदळला.

"माजं खरं हाय. खऱ्याला एजंट कशाला लागतोय रं?" असं म्हणून वर्धमाननं डाव्या हातानं एकेक अक्षर दाबत मोबाईलवर स्वतःच रिटर्न भरलं.

एकाच कारखान्यात एवढे अपंग बघून आयकरवाल्यांना संशय आला. सगळ्यांना नोटिसा निघाल्या, पंधरा दिवसांत अपंगत्वाचा दाखला द्या. बाकीच्यांचे दाखले शंभूनं त्याच संध्याकाळी जोडून टाकले. वर्धमानचा जुना, हातानं लिहिलेला दाखला आता चालत नव्हता. नव्यासाठी तो सरकारी दवाखान्यात गेला, तर खिडकीतल्या बाईनं त्याच्या हाताकडं बघितलंसुद्धा नाही. तपासणीची तारीख तेवढी दिली, सहा महिन्यांनंतरची.

चौदाव्या दिवशी तो मान खाली घालून शंभूच्या दारात उभा राहिला. शंभूनं फाईल चाळली.



"आवं आण्णा, हाताचं दाखलं संपलं की! पायाचा देऊ?"