प्रत्येक ठोका हाताचा

ज्या भांड्यांच्या शोरूमला ते घागरी घडवून देत, तिथून वर्षानं बोलावणं आलं, तेव्हा लांजेकर तांबटांनी वर्षभर फडक्यात पडून असलेली हातोडी पुसली. काम परत सुरू होतंय, असं घरात सांगूनही टाकलं.

"आपल्या मोठ्या वेबसाइटवर कुकरपासून कढईपर्यंत सगळंच असतं, काका. त्या गर्दीत तांबं कुणाला दिसत नाही," शोरूमच्या मालकांची सून म्हणाली. "म्हणून नुसत्या घागरींसाठी ही वेगळी, छोटीशी वेबसाइट काढलीय." स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत 'प्रत्येक ठोका हाताचा' असं लिहिलेलं होतं. त्याखालचा चौकोन रिकामा होता. "इथे तुमच्या हातांचा व्हिडिओ टाकायचाय."

लांजेकरांनी टेबलावरची घागर उचलली. हाताला हलकी लागली. अंगावरचे ठोके एका मापाचे, एका रांगेत होते. माणसाचा हात इतका सरळ चालत नाही.

"ही मशीनची आहे."

"हो, आता सगळ्या मशीनच्याच येतात. पण लोकांना हात बघायला आवडतात."

कॅमेरा लागला. चाळीस वर्षं बसत आले तसे ते मांडी घालून बसले आणि त्यांनी हातोडी चालवली. एकाच घावात पातळ पत्र्याला पोचा पडला.

"लागू देऊ नका, काका. नुसतं मारल्यासारखं करा," सून अगदी आपुलकीनं म्हणाली. "आवाज आम्ही नंतर टाकू."

खाली येणारी हातोडी पत्र्याच्या केसभर अलीकडे थांबवायची, तर हात मुरलेला लागतो. लांजेकरांना ते पहिल्याच खेपेला जमलं.