भोंग्याच्या जागी दिवा

दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये मशिनींचा गोंगाट बादलला चालायचा. पाळी बदलायचा भोंगा वाजला, की मात्र तो कान दाबून सरकीच्या ढिगामागे जाऊन बसायचा आणि बराच वेळ उठायचा नाही. सोमवारी मुकादम हिरासिंगांनी मालकाला सांगून भोंगा काढायला लावला. त्या जागी लाल दिवा आला.

"एकट्या बादलसाठी सगळ्यायचा भोंगा कायले बंद केला, मुकादम?" बेबीताईंनी विचारलं.

"एकट्यासाठी नाही, ताई. भोंग्याच्या आधी मी रोज कुठं जात होतो?"

"गेटच्या बाहेर, तंबाखू खायले. वीस वर्सं झाले, पाहून राह्यली ना मी."

"मले तंबाखू मळताना कधी पाह्यलं काय?"