मांजराने ओकलेली वेणी

जनावरांच्या दवाखान्यातल्या नर्सताई ओकारी चिवडायला कधी कचरल्या नाहीत. पोटात काय गेलं ते तिथेच कळतं. पण आज सकाळपासून दोन कुत्री नुसते केसच ओकली होती.

"ताई, अंबाडा शाबूत आहे ना तुमचा?" डॉक्टर हसले.

आता टेबलावरच्या एका मांजराने आचके देत लांबलचक काहीतरी बाहेर काढलं. ताईंनी चिमट्याने पिवळा, बुळबुळीत चिकटा बाजूला सारला. नीट घातलेली वेणी होती, तेलकट, कोमट. टोकाला गाठ मारलेलं हिरवं रबर. सकाळी तुटलं तेव्हा लेकीच्या वेणीला ते त्यांनीच जोडून लावलं होतं.

बाहेर शाळेची बस थांबली.

"आई गं," दारातून लेक म्हणाली, "डोक्याला हात लावून बघ ना. आतून काहीतरी चाटतंय."